आधी रजिस्टर, मग अश्रू

“ते कुटुंब आपल्या मंडळीतलं होतं का?”

२०२५च्या जूनमध्ये कुपवाडमधल्या एका तरुण, गरोदर विवाहितेने आयुष्य संपवलं. त्यानंतरच्या दिवसांत मिरज-सांगलीच्या ख्रिस्ती घरांतून माझ्या कानावर सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हा होता. तिचे शेवटचे महिने कसे गेले असतील, माहेरच्यांनी ती बातमी कशी ऐकली असेल, हे कुणी बोललंच नाही असं नाही. पण ते नंतर आलं, दबक्या आवाजात आलं. आधी सभासदांचं रजिस्टर निघालं. नाव आपल्याकडे नाही, दुसऱ्याच कुठल्या संगतीत जात असतील, असं कळलं की विचारणाऱ्याचा चेहरा मोकळा व्हायचा. जणू मृत्यूची वर्गणी दुसऱ्या मंडळीच्या नावावर पडली.

तिने ख्रिस्ती रीतिरिवाज पाळावेत म्हणून सासरच्यांनी तिचा छळ केला, असा माहेरचा आरोप. गुन्हा दाखल झाला, सासरच्या माणसांना अटक झाली. आरोप खरे की खोटे ते न्यायालय ठरवील, मी ठरवणार नाही. तिचं नावही इथे लिहिणार नाही. ते फलकांवर पुरेसं छापून झालं आहे. त्या मृत्यूवरून सांगलीत मोर्चा निघाला. जतचे आमदार गोपीचंद पडळकर यांनी धर्मांतरासाठी येणाऱ्या पाद्र्यांना ठोकणाऱ्यांसाठी भाषणातून लाखांची बक्षिसं जाहीर केली. जुलैत ख्रिस्ती समाज मुंबईच्या आझाद मैदानावर निषेधाला जमला. सरकारने धर्मांतराविरुद्ध कडक कायदा आणू म्हणून सांगितलं. सगळे बोलले. एका बाजूला ती फलक झाली, दुसऱ्या बाजूला अडचण झाली, आणि शोक करायला दोन्हीकडे कुणाला सवड मिळाली नाही. पहिल्या बाजूशी माझं भांडण आहेच, ते चालू राहील. आजचं भांडण घरातलं आहे.

घरातलं मत आधी नीट मांडतो, कारण ते भेकडांचं मत नव्हे. वीस-वीस वर्षं दानार्पणाचा हिशेब पै-पैचा चोख ठेवणाऱ्या, कुणाच्याही घरी माती असली की पहिली खुर्ची उचलणाऱ्या सज्जनांचं आहे. ते म्हणतात: दिवस वाईट आहेत. समाज दोन तटांत उभा आहे आणि मंडळीत दोन्ही तटांची माणसं बसतात. अशा वेळी पुलपिटावरून कुणाच्या दुःखाचा उल्लेख केला की त्याचं राजकारण होतं. बाहेरचे त्याला गुन्ह्याची कबुली समजतील, आतले त्यावरून फुटतील. म्हणून पाळकाने वचन सांगावं, गीतं म्हणावीत, आशीर्वाद द्यावा. शोक ज्याचा त्याने घरी करावा. आणि खरं सांगायचं तर विश्वासी माणसाला एवढा शोक तरी कशाला हवा? गेलेला प्रभूजवळ गेला.

किती समंजस वाटतं! म्हणूनच त्याचा राग येतो.

राजकारणाचंच आधी घेऊ. आपल्या उपासनेत दर रविवारी सार्वजनिक प्रार्थना असते. तिच्यात राष्ट्रपतींसाठी, पंतप्रधानांसाठी, मुख्यमंत्र्यांसाठी, सर्व अधिकाऱ्यांसाठी नेमाने प्रार्थना होते. सरकार कुठल्याही पक्षाचं असो. आजवर कुणी वडीलजन उठून म्हणाले का, की पाळकसाहेब, पुलपिटावर राजकारण नको? खुर्चीवर बसलेल्याचं नाव घेतलं की ती भक्ती, आणि चार गल्ल्या पलीकडे गेलेल्या पोरीसाठी एक वाक्य उच्चारलं की ते राजकारण, हा निकष कुणी ठरवला? निकष असा दिसतो की ज्याच्यासाठी प्रार्थना केल्याने आपल्याला काही सोसावं लागत नाही तो आध्यात्मिक विषय, आणि ज्याने चार भुवया वर जातात तो राजकीय.

शिवाय हे म्हणणारे जे पवित्र शास्त्र काखेत घेऊन येतात त्यात विलापगीत नावाचं पुस्तक आहे. ते कशावर आहे? म्हातारपणाने गेलेल्या कुणा आजोबांवर नाही. बाबेलच्या फौजेने यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं, लोकांना बंदी करून नेलं, आणि त्यामागे आपल्याच राजाचे फसलेले डाव होते. त्या सगळ्यावर आहे. त्याच्या पाच अध्यायांपैकी चार हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने रचलेले आहेत. म्हणजे कुणीतरी बसून, अक्षरामागून अक्षर लावून, एका राजकीय सर्वनाशावर लोकांनी मिळून रडावं कसं याची रीत बांधून ठेवली. ती रीत अडीच हजार वर्षांनी आपल्याला ‘वादग्रस्त’ वाटते.

आता ‘शोक ही खाजगी गोष्ट आहे’ हे वाक्य. ते छत्तीसगडमधल्या बस्तर भागातल्या छिंदवाडा गावच्या त्या मुलाला सांगून पाहा. त्याचे पाळक वडील ७ जानेवारी २०२५ला वारले. गावात पुरू द्यायचं नाही म्हणून विरोध झाला. मुलगा उच्च न्यायालयात गेला, तिथून सर्वोच्च न्यायालयात. देह शवागारात. २७ जानेवारीला निकाल आला तोही दोन न्यायमूर्तींचा दोन तऱ्हेचा: न्यायमूर्ती नागरत्ना म्हणाल्या की खाजगी जमिनीत पुरू द्यावं, न्यायमूर्ती शर्मा म्हणाले की ख्रिस्ती लोकांसाठी नेमलेल्या जागीच. शेवटी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या करकापालच्या दफनभूमीत माती झाली. बापाला माती द्यायला वीस दिवस आणि देशाचं सर्वोच्च न्यायालय लागलं. मणिपूरमध्ये मे २०२३मध्ये हिंसाचार पेटला. चुराचांदपूरला ८७ देह एकाच वेळी पुरले गेले ते २० डिसेंबरला. हे शोक घरात मावणारे आहेत का? माणसाच्या मृत्यूत राजकारण मंडळीने आणलेलं नाही. ते आधीच दारात येऊन बसलं आहे. मंडळीपुढे प्रश्न एवढाच उरतो की ज्याच्या घरात ते शिरलं त्याला एकट्याला सोडायचं की नाही.

कबुलीची भीती मात्र मला समजते. कुपवाडसारख्या ठिकाणी तर नक्की समजते. एमआयडीसीचं गाव, जत-आटपाडीपासून विजापूरपर्यंतची आणि थेट उत्तरेकडची कामगार माणसं, भाड्याच्या खोल्या. पाच-सहा कुटुंबं मिळून एखाद्या पत्र्याच्या खोलीत प्रार्थनेला बसतात. दगडी मनोऱ्याचं जुनं चर्च पाठीशी असणाऱ्याने त्यांना धीराचे धडे देऊ नयेत. घरमालकाने मान हलवली की त्यांची प्रार्थना बंद. अशा माणसाला वाटलं की आपण त्या मुलीबद्दल हळहळलो तर उद्या म्हणतील, बघा, यांचं यांनाच खातंय, तर त्याला मी हसणार नाही.

पण ती भीती बाळगणाऱ्याने दुसरं शमुवेल उघडून अबनेरची गोष्ट वाचावी. अबनेर हा शौलाच्या घराण्याचा सेनापती, दाविदाच्या विरुद्ध पक्षाचा. तो बोलणी करायला आला, आणि दाविदाच्याच सेनापतीने, यवाबाने, त्याला वेशीत गाठून मारलं. पेच पाहा: मारेकरी आपला, मेलेला परका, संशय राजावर. आपल्या सज्जनांच्या सल्ल्याप्रमाणे दाविदाने काय करायला हवं होतं? पत्रक काढायचं, की सदर इसमाशी आमचा संबंध नाही. विषय वाढवू नका म्हणून दरबाराला बजावायचं. दाविदाने उलटं केलं. तो तिरडीच्या मागून चालला. हेब्रोनात कबरेपाशी मोठ्याने रडला. विलाप रचला. दिवस मावळेपर्यंत अन्न घेतलं नाही. यवाबालाही त्या शोकात फाटके कपडे घालून पुढे चालायला लावलं. आणि शास्त्र सांगतं की त्या दिवशी सगळ्या लोकांना कळून चुकलं की अबनेरला मारण्यात राजाचा हात नव्हता. हात वर केल्याने जे सिद्ध झालं नसतं ते रडण्याने झालं. हाच राजा त्याआधी शौलावरही रडला होता, म्हणजे ज्याने त्याला मारायला वर्षानुवर्षं डोंगर पालथे घातले त्याच्यावर. नुसता रडला नाही, ते विलापाचं गीत यहूदाच्या लोकांना शिकवा असा हुकूम दिला. विरोधकाचा शोक त्याने अभ्यासक्रमात घातला! आपण आपल्या मुलांना पवित्र शास्त्राच्या वर्गात गल्याथाला पाडणारी गोफण शिकवतो आणि तिथेच थांबतो.

इथे रडण्यातून काही निष्पन्न करा असं मी म्हणत नाही. दाविदाला ते शोभलं कारण ते ढोंग नव्हतं. प्रतिमा सुधारायला काढलेली मेणबत्ती फेरी आणि शोक यांतला फरक रस्त्यावरच्या कुत्र्यालाही कळतो.

मंडळी फुटेल, हा पुढचा मुद्दा. यावर हसावं की रडावं कळत नाही. मंडळी फुटलेली नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी तिचा व्हॉट्सअ‍ॅप गट एक आठवडा वाचावा. एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांनी एकमेकांना ब्लॉक केलेलं आहे आणि दोघे मिळून प्रभुभोजनाचा पेला पुढे सरकवत आहेत, याला आपण ऐक्य म्हणतो. आणि आमच्या जिल्ह्यातलं राजकारण काही दोन रंगांत मावणारं नाही. २०२४च्या लोकसभेत सांगलीने भाजपच्या आणि ठाकऱ्यांच्या शिवसेनेच्या उमेदवारांना बाजूला सारून काँग्रेसचा बंडखोर अपक्ष म्हणून निवडून दिला. एका घरात तीन मतं पडली असतील. त्या घराची चूल मोडली का?

उलट ज्यावर एकमत लागत नाही अशी सामाईक गोष्ट शोकाखेरीज दुसरी कोणती आहे? खेड्यांत बांधावरून कोर्टात गेलेली भावकी मातीला येते. बोलत नाहीत एकमेकांशी, पण खांदा देतात. कुणाचं चुकलं यावर त्यांचं एकमत झालेलं नसतं; खटला सोमवारी पुन्हा उभा राहणार असतो. माणूस गेला, एवढ्यावरच ते उभे असतात. खेड्यातल्या भावकीला जे जमतं ते ख्रिस्ताच्या मंडळीला झेपणार नाही, असं आपलं म्हणणं आहे का? तसं असेल तर स्पष्ट सांगा, म्हणजे नव्या सभासदाला दृढीकरणाच्या वेळी तशी कल्पना देता येईल.

फूट पडते ती शोकाने नव्हे, शोकाच्या जागी दिलेल्या स्पष्टीकरणांनी. ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तिथवर ते आदर्श होते. आठव्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं, कारणं सांगायला लागले, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप त्यांच्यावर झाला. कुपवाडच्या बाबतीत आमच्याकडे सात मिनिटंही कुणी गप्प बसलं नाही. खरं कारण हुंड्याचं असेल, पोलीस दबावाखाली असतील, हे सगळं निवडणुकीसाठी आहे. असेलही. पण मृत्यूच्या दारात उभं राहून पहिलं वाक्य हे?

आता सगळ्यांत चिवट मुद्दा: विश्वासी माणूस रडत नाही. सांत्वनाच्या उपासनेला जा. पेटी हलून दोन दिवस झालेले नसतात, आई भिंतीला टेकून बसलेली असते, आणि कुणीतरी टाळ्यांचं गीत सुरू करतो. त्या बाईने टाळी वाजवली नाही तर प्रार्थनेत तिच्या ‘विश्वासाच्या बळकटीसाठी’ खास विनंती होते. मग ठरलेलं वचन येतं, प्रभूने दिलं आणि प्रभूने नेलं. ते ईयोबाचंच बोलणं आहे, हे खरं. पण ते पहिल्या अध्यायातलं आहे. तिसऱ्या अध्यायात तोच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. बेचाळीस अध्यायांच्या पुस्तकातला पहिलाच अध्याय वाचून ते मिटणाऱ्यांनी दुसऱ्यांचा विश्वास मोजू नये. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत. त्यांतला मोठा भाग तक्रारीचा, विलापाचा आहे, आणि अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी एकही दिलाशाची ओळ नाही. ते संकलन करणाऱ्यांना शेवटी ‘हालेलूया’ चिकटवता आलं असतं. त्यांनी चिकटवलं नाही. आणि लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असतानाही येशू बेथानीत रडला. पाच मिनिटांनी आनंद होणार हे ज्याला माहीत होतं त्याने आधीची पाच मिनिटं वगळली नाहीत.

ग्लॅडिस स्टेन्स यांचं उदाहरण या चर्चेत हमखास निघतं. जानेवारी १९९९मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप व तिमथी ही दहा आणि सहा वर्षांची दोन मुलं गाडीत जाळली गेली. त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. आपण ही क्षमा गेली पंचवीस वर्षं पुलपिटावरून मिरवतो. पण ज्या बाईने क्षमा केली ती आई होती, दोन मुलांची रिकामी अंथरुणं तिच्या घरात होती, हे त्या दाखल्यात कुठे येतं? क्षमेला आपण शोकाचा आखूड रस्ता करून टाकलं आहे. ज्याचं काहीच गेलेलं नाही त्याला क्षमा फार लवकर सुचते.

आणि मराठी ख्रिस्ती माणसाने तरी हे बोलू नये. आपल्या समाजाने मराठीला दिलेलं सगळ्यांत मोठं पुस्तक कोणतं, विचारा कुणालाही. ‘स्मृतिचित्रे’. १९३४पासून, म्हणजे नव्वदहून अधिक वर्षं, आपण ते अभिमानाने सांगतो. त्यात काय आहे? फेब्रुवारी १८९५मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या. बातमी त्यांच्यावर कोसळली. पुढची काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळंओवळं लगेच टाकलं नाही, आणि टिळकांनी ते त्यांच्यावरून ओरबाडून काढलं नाही. १९००मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायांनी चालत येऊन. म्हणजे मराठी ख्रिस्ती साहित्याचा मानबिंदू असलेल्या पुस्तकाच्या गाभ्यात एका अशा बायकोचे अश्रू आहेत, जिचा नवरा ख्रिस्ती झाला म्हणून ती उन्मळून पडली होती. आपल्या धर्मामुळे रडलेल्या बाईचं रडणं आपण नव्वद वर्षं उराशी धरलं, त्याने आपला विश्वास बुडाला नाही. उलट वाढला असेल. मग कुपवाडच्या मुलीपाशीच आपले हात का आखडतात? १८९५चं दुःख साहित्य आणि २०२५चं दुःख षड्‌यंत्र?

मला वाटतं खरी गोम इथे आहे. शोक केला की प्रश्न येतो. आरोप खरे आहेत की नाहीत हे बाजूला ठेवून, त्या मुलीपाशी कुणी खरंच दहा मिनिटं बसलं तर त्याला आपलं घर आठवणारच. आपल्याकडे दुसऱ्या धर्मातून आलेल्या सुना आहेत. त्यांतल्या कितींना विचारलं होतं? कितींच्या कपाळाचं कुंकू पुसताना ‘तिची तिलाच इच्छा झाली’ असं आपण सांगितलं, आणि कितींची खरंच झाली होती? माहेरच्या गौरीला जाऊ का, हे विचारताना तिचा आवाज कसा होता? दुसऱ्या बाजूलाही सुनांवर देवदेव लादले जातात, हे उत्तर तयार असेल. ते खरंही आहे. पण ते उत्तर त्या घरांना त्यांच्या अंगणात विचारायचं. टिळक पाच वर्षं थांबले. आपण पाच महिने थांबतो का? या प्रश्नाच्या भीतीने मंडळी शोकाला दार लावते, आणि त्या दाराला ‘राजकारण नको’ अशी पाटी अडकवते.

उलट टोकाची मंडळीही आहे, तिलाही सोडत नाही. ती म्हणते, रडत काय बसलात, आधी मोर्चा. निवेदन द्या, याचिका करा, संघटित व्हा. निवेदन द्यायलाच हवं. पाद्र्यांना मारण्याची बक्षिसं जाहीर होत असतील तर पोलिसांत जाणं हा नागरिकाचा हक्क आहे, त्यावर माझा एक शब्दही वाद नाही. पण आझाद मैदानावरून परतताना आपल्या हातात कुठला मृत्यू होता? आपल्यावर झालेल्या बोलण्याचा निषेध होता, तो रास्त होता. ज्या मृत्यूवरून ते सगळं सुरू झालं त्याचं काय? शोक वगळून काढलेल्या मोर्च्यात मेलेला माणूस फक्त पुरावा होतो. समोरचेही नेमकं तेच करत होते, फक्त फलकाचा रंग वेगळा.

समुपदेशकाकडे पाठवा, असं तरुण मंडळी म्हणते. पाठवा ना. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर, फोनला पैसे पडत नाहीत. तो क्रमांक चर्चच्या फलकावर दानार्पणाच्या आकड्यांशेजारी लिहा, महिला मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवा, कुणी आत्महत्येचा विचार बोलून दाखवला तर ते पाप म्हणून झाकू नका, त्याला एकटं सोडू नका. पण फोन लावून दिला म्हणजे मंडळीचं काम संपलं, असं नव्हे. समुपदेशक तासभर ऐकेल. बाकीच्या तेवीस तासांत ती बाई आपल्याच बाकावर बसणार आहे.

आणि आपल्याकडे जुनी थकबाकी आहे, तिचं कुणी नाव काढत नाही. करोनात अंत्यविधीला वीस माणसांची मुभा होती. त्या दोन वर्षांत कित्येकांची माणसं गेली. पेटीवर गीत झालं नाही, घरी कुणी भाकरी घेऊन आलं नाही, तिसऱ्या दिवशीची प्रार्थना मोबाईलवर उरकली. साथ ओसरल्यावर आपण काय केलं? चर्च उघडल्याची उपकारस्तुतीची उपासना. तीसुद्धा टाळ्यांची. त्या घरांपैकी एका तरी घरात ‘आता बसू या’ म्हणून उशिराने का होईना, किती मंडळ्या गेल्या? १८९४पासून मिरजेत वानलेस यांच्या मिशन दवाखान्याने किती पिढ्यांचे मृत्यू जवळून पाहिले आहेत. तिथल्या व्हरांड्यात रडणाऱ्याला त्याची जात, धर्म, पक्ष विचारून कुणी पाण्याचा तांब्या दिलेला नाही. त्या दवाखान्याचा वारसा आम्ही शताब्द्यांच्या स्मरणिकांत छापतो. तो तांब्या मात्र व्हरांड्यातून उपासनेच्या खोलीत यायला तयार नाही.

काय करायचं, असं विचारणारे खरेच विचारत असतील तर त्यात अवघड काही नाही. पहिल्या आठवड्यात सगळेच येतात. दुसऱ्या महिन्यात जा. कुपवाडच्या कामगाराला रजा मिळत नसेल तर पहिली पाळी सुटल्यावर जा, रात्रपाळीच्या आधी जा. बोलू नका, बसा. सांत्वनाच्या उपासनेत अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचा आणि त्यानंतर गीत लावायची घाई करू नका. ज्या घरात राजकारणाने मृत्यू गाठला असेल त्या घरासाठी प्रार्थना करताना कारणांची यादी प्रार्थनेत घालू नका, देवाला ती माहीत आहे. आणि ज्याच्याशी तुमचं मत जुळत नाही त्याचा मुलगा गेला तर सगळ्यांत आधी तुम्हीच जा.

त्या मुलीच्या माहेरी उठून जा, असं मी म्हणणार नाही. त्यांनी दार लावलं तर तो त्यांचा हक्क आहे, आणि त्या दारात कॅमेरा घेऊन जाण्याइतकं निर्लज्ज दुसरं काही नाही. पण आपलं पुलपीट आपलं आहे. तिथे कुणी बंदी घातलेली नाही, आपण स्वतःच घातली आहे. पुढच्या रविवारच्या सार्वजनिक प्रार्थनेत पंतप्रधानांचं नाव घ्या, मुख्यमंत्र्यांचं घ्या, आणि त्यानंतर दोन वाक्यं वाढवा. एक कुपवाडच्या त्या लेकीसाठी, तिच्या न जन्मलेल्या बाळासाठी, तिच्या आईवडिलांसाठी. दुसरं आपल्या घरांतल्या ज्या सुना बोलू शकत नाहीत त्यांच्यासाठी. रजिस्टर कपाटात राहू द्या. आणि कुणी उठून म्हणालं, की पाळकसाहेब, हे राजकारण झालं, तर त्यांना सगळ्यांसमोर विचारा: आधीची दोन नावं मग काय होती?